नेमणूकपत्रातला पगार ठरल्यापेक्षा वेगळा निघाला तर : नव्या शिक्षकांसाठी

शाळेच्या कार्यालयात पगारबिले करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. नव्या शिक्षकांची नेमणूकपत्रे टाइप करणे, ती सचिवांच्या सहीसाठी पाठवणे आणि पहिल्या पगाराच्या दिवशी ‘भाऊसाहेब, हे कमी कसे?’ या प्रश्नाला तोंड देणे, ही तिन्ही कामे माझ्याच टेबलावर होती. त्यामुळे या विषयाकडे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहतो, आणि तिथून दिसणारी एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. नेमणूकपत्रातल्या पगाराचे फरक नेहमीच लबाडीतून येत नाहीत. पुष्कळदा गेल्या वर्षीच्या कुणाच्या तरी पत्राची फाइल उघडलेली असते, त्यावर नवे नाव आणि नवा विषय चढवलेला असतो, पण आकडा जुनाच राहिलेला असतो.

माझ्याही हातून एकदा असेच झाले. विज्ञानाच्या एका शिक्षिकेच्या पत्रात आधीच्या वर्षीचे मूळ वेतन तसेच राहून गेले. बाईंनी ‘वरील अटी मान्य आहेत’ याखाली सही केली आणि सप्टेंबरमध्ये सहकारी शिक्षिकेशी बोलताना त्यांच्या लक्षात आले की आपल्याला दरमहा दीड हजार रुपये कमी मिळत आहेत. जूनमध्ये त्यांनी चार ओळी लिहून विचारले असते तर मी त्याच दुपारी नवे पत्र काढले असते. सप्टेंबरमध्ये मात्र सही झालेले पत्र बदलायचे म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीपुढे ठराव न्यावा लागला आणि फरकाची रक्कम दिवाळीनंतर मिळाली. चूक माझी होती आणि खोळंबा त्यांचा झाला. पुढे जे लिहिले आहे, त्यातला बराचसा भाग त्या प्रसंगानंतर मी नव्या शिक्षकांना तोंडी सांगत आलो आहे.

पहिली पायरी : नेमका कोणता आकडा वेगळा आहे ते शोधा

‘पगार कमी आहे’ या वाक्याला कार्यालयात काहीच अर्थ नसतो, कारण पगार नावाचे किमान तीन आकडे असतात. संस्थेला तुमच्यावर होणारा एकूण खर्च, पगारपत्रकावरची एकूण रक्कम आणि कपाती होऊन बँकेत जमा होणारी रक्कम, हे ते तीन. मुलाखतीत बोलणारा पहिला आकडा सांगतो आणि ऐकणारा तो तिसरा समजून घरी जातो. विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळांत तर हे हमखास घडते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. मुलाखतीत ‘पस्तीस हजार’ ठरले. पत्रात वार्षिक ४,२०,००० रुपये, म्हणजे दरमहा ३५,००० रुपये, असे लिहिले आहे आणि सोबतच्या तक्त्यात त्याची फोड दिली आहे : मूळ वेतन २०,०००, घरभाडे भत्ता ८,०००, विशेष भत्ता ४,२३८, भविष्य निर्वाह निधीतला (पीएफमधला) संस्थेचा वाटा १,८०० आणि उपदानापोटी, म्हणजे ग्रॅच्युइटीपोटी, ९६२. या पाच आकड्यांची बेरीज बरोबर ३५,००० होते, म्हणून पत्र चुकीचे आहे असे म्हणता येत नाही. पण शेवटचे दोन आकडे तुमच्या हातात येतच नाहीत. म्हणजे पगारपत्रकावरची एकूण रक्कम ३२,२३८ झाली. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० रुपये वजा केले की खात्यात ३०,२३८ रुपये पडतात. ऐकलेल्या आकड्यात आणि मिळालेल्या आकड्यात ४,७६२ रुपयांचा फरक आला, आणि तरीही कुणी खोटे बोललेले नाही.

हे १,८०० आणि ९६२ कुठून आले ते ठाऊक असले की पुढचे बोलणे सोपे जाते. भविष्य निर्वाह निधीसाठी कर्मचारी आणि संस्था प्रत्येकी १२ टक्के भरतात, आणि वैधानिक वेतनमर्यादा १५,००० रुपये असल्यामुळे अनेक संस्था प्रत्यक्ष मूळ वेतन जास्त असले तरी १५,००० च्या १२ टक्क्यांवर, म्हणजे १,८०० वर थांबतात. ग्रॅच्युइटी दर वर्षाच्या सेवेला पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी आणि महिना २६ दिवसांचा धरून मोजतात. त्याचे मासिक प्रमाण मूळ वेतनाच्या सुमारे ४.८१ टक्के पडते आणि २०,००० वर ते ९६२ येते. शिक्षकांना ग्रॅच्युइटी लागू नाही असे कुणी ठणकावून सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नका. ग्रॅच्युइटी कायद्याच्या २००९ च्या दुरुस्तीने ती ३ एप्रिल १९९७ पासून शिक्षकांना लागू केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली. गंमत अशी की काही संस्था खर्चाच्या तक्त्यात ग्रॅच्युइटी दाखवतात आणि नोकरी सोडताना मात्र तिचे नाव काढत नाहीत. म्हणून तो तक्ता जपून ठेवावा.

व्यवसाय कराचे गणितही पाठ असावे. महाराष्ट्रात पुरुषांना दरमहा १०,००० रुपयांवरील वेतनाला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये कापले जातात. १ एप्रिल २०२३ पासून स्त्रियांना दरमहा २५,००० रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर नाही. बावीस हजार पगाराच्या शिक्षिकेच्या पत्रकात २०० रुपयांची कपात दिसली तर ती चूक आहे. अशी चूक विचारल्याबरोबर दुरुस्त होते, पण न विचारल्यास वर्षानुवर्षे चालू राहते.

हे सगळे एका कागदावर मांडा. डाव्या बाजूला मुलाखतीत किंवा ईमेलमध्ये सांगितलेला आकडा, उजव्या बाजूला पत्रातला आकडा, आणि मधे फरकाचे कारण. कारण सापडले आणि ते पटले, तर प्रश्न तिथेच संपला. कारण सापडले नाही, तरच पुढे जायचे.

दुसरी पायरी : शाळा कोणत्या प्रकारची आहे यावरून प्रश्न बदलतो

अनुदानित शाळेतल्या नव्या शिक्षकाचा पगार संस्था ठरवत नाही, शासन ठरवते. नव्याने लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक असतो आणि त्याला वेतनश्रेणी नव्हे तर ठरावीक मानधन मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे मानधन प्राथमिकसाठी १६,०००, माध्यमिकसाठी १८,००० आणि कनिष्ठ महाविद्यालयासाठी २०,००० रुपये करण्यात आले. त्यापूर्वी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० होते. म्हणजे तुमच्या पत्रात ८,००० लिहिलेले दिसले तर वाद घालण्याची गरज नाही, तो जुन्या फाइलचा अवशेष आहे. तसेच कुणी नातेवाइकाने ‘माध्यमिकला ३८,६०० मूळ वेतन असते’ असे सांगितले असेल तर तेही खरेच आहे, पण ते तीन वर्षे समाधानकारक सेवा झाल्यावर नियमित वेतनश्रेणीत गेल्यानंतरचे.

अनुदानित शाळेत खरा फरक पडतो तो पदाच्या गटात. नेमणूक माध्यमिक शिक्षक म्हणून झाली आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे मान्यतेचा प्रस्ताव मात्र सहावी ते आठवीच्या पदावर गेला, तर १८,००० चे १६,००० होतात. म्हणून पत्रात केवळ ‘सहायक शिक्षक’ असे न वाचता पद कोणत्या इयत्तांच्या गटातले आहे, विषय कोणता आहे आणि पद संच मान्यतेत, म्हणजे शाळेला शासनाने मंजूर केलेल्या पदांत, आहे का, हे विचारावे. ‘शासन नियमाप्रमाणे मानधन देय राहील’ असे मोघम वाक्य असेल तर तिथे आकडा लिहून मागावा. अनुभवी शिक्षकाने मागच्या शाळेचे अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि कार्यमुक्तीचा आदेश रुजू होतानाच जमा करावा. ते कागद वेळेवर न आल्यामुळे खालच्या टप्प्यावर वेतननिश्चिती झालेली मी पाहिली आहे. बी.एड.ची गुणपत्रिका द्यायची राहिल्यामुळे अप्रशिक्षित म्हणून नोंद झालेलेही पाहिले आहेत.

आणखी एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. अनुदानित शाळेत रुजू झाल्याच्या पुढच्या महिन्यात शासनाचा पगार सुरू होत नाही. शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, त्यानंतर शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीतला क्रमांक, आणि मग वेतन पथकाकडे, म्हणजे शासनाच्या पगार कार्यालयाकडे, जाणारे बिल, असा तो मार्ग आहे. मधल्या महिन्यांची रक्कम थकबाकी म्हणून पुरवणी देयकातून येते. त्यामुळे ‘पगार आला नाही’ ही पगारातील तफावत नव्हे, पण रुजू दिनांक चुकीचा लिहिला गेला तर थकबाकी कमी निघते, म्हणून रुजू अहवालाची प्रत स्वतःजवळ हवीच. अंशतः अनुदानित शाळेत टप्पा अनुदानाचा प्रश्न असतो. शासन २०, ४०, ६० टक्के असा टप्प्याटप्प्याने वाढणारा हिस्सा देते आणि पत्रात मात्र पूर्ण वेतनश्रेणी छापलेली असते. उरलेला भाग संस्था देणार की नाही, हे तिथे स्पष्ट शब्दांत विचारले पाहिजे. उत्तर बहुधा अस्पष्ट येईल, पण तेही लेखी असलेले बरे.

विनाअनुदानित शाळेत संस्था आणि तुम्ही यांच्यातला करार महत्त्वाचा ठरतो, पण तोही संपूर्ण मोकळा नाही. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आणि त्याखालची १९८१ ची नियमावली मान्यताप्राप्त खासगी शाळांसाठी आहे. त्या नियमावलीत वेतनश्रेणीची अनुसूची आहे आणि नेमणूकपत्राचा विहित नमुनाही अनुसूची ‘ड’ मध्ये दिलेला आहे. हातातले पत्र त्या नमुन्याशेजारी ठेवून वाचले की कोणते रकाने गाळले आहेत ते चटकन दिसते.

तिसरी पायरी : आकड्याच्या आजूबाजूचे शब्द वाचा

आकडा बरोबर असूनही वर्षाचा हिशेब चुकवणारे शब्द पत्रात असतात. त्यातला सर्वांत महागडा शब्द म्हणजे ‘अकरा महिने’. जून ते एप्रिल अशी नेमणूक असेल तर मेचा पगार नाही. वरच्या उदाहरणात दरमहा ३०,२३८ रुपये गुणिले अकरा म्हणजे वर्षाला ३,३२,६१८ रुपये होतात. मनात धरलेले ४,२०,००० आणि हे, यांत ८७,३८२ रुपयांचे अंतर आहे, आणि त्यातले ३०,२३८ या एका शब्दाने पाडले आहेत. उन्हाळी सुट्टीचे वेतन मिळणार का, असा प्रश्न मुलाखतीत विचारायला शिक्षक संकोचतात. निदान पत्र हातात आल्यावर तरी संकोचू नये.

‘एकत्रित वेतन’ हा दुसरा शब्द. यात मूळ वेतन वेगळे लिहिलेले नसते, त्यामुळे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कशावर मोजायची, हे संस्थेच्या मर्जीवर राहते. ‘परिविक्षा कालावधीत (म्हणजे प्रोबेशनमध्ये) वेतन अमुक, त्यानंतर पुनर्विलोकन’ असे असेल तर पुनर्विलोकन म्हणजे वाढ असे गृहीत धरू नका, किती आणि केव्हापासून ते लिहून मागा. ‘संस्थेच्या धोरणानुसार कपाती’ या वाक्यात अनामत रक्कम, गणवेश, बसभाडे आणि ‘पहिल्या महिन्याचा पगार राखून ठेवण्यात येईल’ असे सगळे मावते. अशा वाक्याखाली कपातींची यादी मागणे हा तुमचा साधा हक्क आहे. ताशी तत्त्वावर नेमणूक असेल तर दर आठवड्याच्या तासिका किमान किती, आणि परीक्षेच्या किंवा सुट्टीच्या आठवड्यात काय, हे दोन मुद्दे पुरेत.

चौथी पायरी : विचारणा कशी करावी

शक्यतो सही करण्यापूर्वी आणि रुजू होण्यापूर्वी विचारा. आधी फोन करून कार्यालयात कोण हे पत्र करते ते विचारून घ्यावे आणि त्या व्यक्तीला ‘मला फोड समजून घ्यायची आहे’ असे सांगावे. निम्मे फरक या फोनवर मिटतात. टायपिंगची चूक असेल तर कारकून स्वतःच ती मान्य करून सचिवांकडे दुरुस्त पत्र नेतो. थेट अध्यक्षांकडे गेलात तर तीच चूक झाकण्याकडे त्याचा कल होतो. हा मनुष्यस्वभाव आहे आणि मी त्याला अपवाद नव्हतो.

फोनवर काहीही उत्तर मिळाले तरी त्याच दिवशी ते लेखी करा. पत्र मुख्याध्यापकांमार्फत सचिवांना लिहावे, कारण नेमणूक करण्याचा अधिकार संस्थेचा असतो. पत्रात एकच मुद्दा असावा, आरोप नसावा आणि तुम्हाला काय हवे आहे ते शेवटी स्पष्ट असावे. मी पाहिलेल्या पत्रांपैकी ज्यांना लवकर उत्तर मिळाले ती एका पानात संपणारी होती. नमुना असा :

‘प्रति, मा. सचिव, (संस्थेचे नाव). मार्फत : मा. मुख्याध्यापक.
विषय : दि. … च्या नेमणूकपत्रातील वेतनाबाबत खुलासा मिळणेबाबत.
महोदय,
आपले वरील नेमणूकपत्र मला दि. … रोजी मिळाले, त्याबद्दल आभारी आहे. दि. … रोजीच्या मुलाखतीत आणि त्यानंतर आपल्या कार्यालयाकडून दि. … रोजी आलेल्या ईमेलमध्ये मासिक वेतन रु. ३५,००० असे कळविण्यात आले होते. नेमणूकपत्रासोबतच्या तक्त्यानुसार मासिक एकूण वेतन रु. ३२,२३८ येते. या दोन रकमांतील फरक संस्थेच्या पीएफ वाट्यामुळे व ग्रॅच्युइटीच्या तरतुदीमुळे आहे की अन्य कारणाने, याचा कृपया खुलासा व्हावा. ठरलेली रक्कम पगारपत्रकावरील एकूण वेतनाची होती अशी माझी समजूत आहे. ती बरोबर असल्यास सुधारित नेमणूकपत्र मिळावे, ही विनंती. तसेच मे महिन्याचे वेतन देय आहे किंवा कसे, याचाही उल्लेख व्हावा. रुजू होण्याची तारीख … असल्याने त्यापूर्वी उत्तर मिळाल्यास सोयीचे होईल.
आपली विश्वासू, …’

या पत्राला मुलाखतीनंतरचा ईमेल, मोबाइलवर आलेला संदेश किंवा जाहिरातीचे कात्रण जोडा. सगळे तोंडीच ठरले असेल तर तसे प्रामाणिकपणे लिहा, तारीख आणि तिथे कोण उपस्थित होते ते नमूद करा. तोंडी बोलण्याला अगदीच किंमत नसते असे नाही, ते सिद्ध करणे मात्र अवघड जाते. पत्राच्या दोन प्रती करा, एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का अशी पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तेच पत्र ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवा, आणि टपालाची पावती त्या प्रतीलाच टाचून ठेवा.

पाचवी पायरी : येणारी उत्तरे

बहुतेक वेळा तीनपैकी एक उत्तर येते. पहिले, ‘चूक झाली, दुरुस्त पत्र घ्या’. तेव्हा नव्या पत्रावर ‘यापूर्वीचे दि. … चे नेमणूकपत्र रद्द’ असा उल्लेख आहे ना, ते पाहा आणि रद्द झालेल्या पत्राचीही छायाप्रत ठेवा. दुसरे, ‘तुमचा गैरसमज झाला, पत्रातलेच बरोबर आहे’. मग निर्णय तुमचा आहे. तो भावनेच्या भरात न घेता वर्षाचा हिशेब मांडून घ्यावा. इतर शाळेचे पत्र हातात असेल तर तुलना बारा महिन्यांच्या हातात येणाऱ्या रकमेची करा, छापलेल्या आकड्याची करू नका.

तिसरे उत्तर सर्वांत जास्त ऐकू येते : ‘आधी हजर व्हा, ऑर्डर नंतर दुरुस्त करू.’ यावर सरसकट नकार देणे सगळ्यांना परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. शाळा सुरू व्हायला चार दिवस असतात आणि दुसरी नोकरी नसते. अशा वेळी एक मधला मार्ग आहे. पत्र मिळाल्याची सही आणि अटी मान्य असल्याची सही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही करावीच लागली तर सहीखाली स्वतःच्या अक्षरात लिहा : ‘पत्र मिळाले. वेतनाबाबत माझे दि. … चे निवेदन संस्थेकडे प्रलंबित आहे, त्याच्या निर्णयास अधीन राहून रुजू होत आहे.’ ही एक ओळ असली की पुढे ‘तुम्ही तर मान्य केले होते’ असे सहजासहजी म्हणता येत नाही. सही केलेल्या पत्राचा तिथेच, कार्यालयाबाहेर पडण्यापूर्वी, मोबाइलवर फोटो काढावा.

मूळ प्रमाणपत्रे जमा करू नका, साक्षांकित प्रती द्या आणि पडताळणीसाठी मूळ दाखवून परत घ्या. कोरा धनादेश, कोऱ्या कागदावर सही किंवा तारीख नसलेला राजीनामा कोणत्याही सबबीखाली देऊ नये. राजीनाम्याच्या बाबतीत १९७७ च्या अधिनियमाने तो दोन प्रतींत, तारीख घालून आणि नोंदणीकृत टपालाने पाठवण्याची पद्धत घालून दिली आहे. असल्या कोऱ्या राजीनाम्यांचा उपद्रव कायदा करणाऱ्यांनाही माहीत असावा.

पत्रावर पूर्ण आणि हातात अपूर्ण

एका प्रकाराबद्दल मात्र मी सौम्य लिहू शकत नाही. पत्रात, पगारपत्रकात आणि बँकेत पूर्ण वेतन दाखवायचे आणि मग त्यातली काही रक्कम रोखीने संस्थेत परत आणून द्यायला सांगायची, किंवा व्हाउचरवर मोठ्या रकमेसाठी सही घेऊन हातावर छोटी रक्कम ठेवायची, ही पद्धत नवीन नाही. इथे पत्रात तफावत नसते, म्हणून विचारणेचे पत्र उपयोगी पडत नाही. पण कागद शिक्षकाच्या विरुद्ध साठत जातात : फॉर्म १६ मध्ये पूर्ण उत्पन्न दिसते, त्यावरच कर मोजला जातो आणि पुढे तक्रार केली तर तुमच्याच सह्या दाखवल्या जातात. व्हाउचरवर सही करण्याची वेळ आलीच तर प्रत्यक्ष मिळालेली रक्कम स्वतःच्या अक्षरात अंकी आणि अक्षरी लिहून सही करा. रोख परत द्यायला सांगितले तर खात्यातून काढलेल्या रकमेची आणि दिवसाची नोंद ठेवा, आणि एकट्याने लढण्यापूर्वी शिक्षक संघटनेतल्या माहीतगार माणसाशी बोला. नोकरीला लागण्यापूर्वीच असे सुचवले गेले असेल तर ती नोकरी घेऊ नये असे माझे मत आहे, मात्र ज्याला घर चालवायचे आहे त्याने ते न मानल्यास मी त्याला दोष देणार नाही.

सहावी पायरी : संस्था ऐकत नसेल तर

लेखी निवेदनाला वाजवी मुदतीत, समजा तीन आठवड्यांत, उत्तर आले नाही तर एक स्मरणपत्र द्या. त्यानंतर माध्यमिक शाळेसाठी जिल्हा परिषदेतील शिक्षणाधिकारी (माध्यमिक), प्राथमिकसाठी शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि मुंबईत माध्यमिकसाठी विभागाचे शिक्षण निरीक्षक यांच्याकडे अर्ज करता येतो. त्यावरचा टप्पा विभागीय शिक्षण उपसंचालकांचा. अर्जाला आधीच्या दोन्ही पत्रांच्या पोच असलेल्या प्रती जोडा, नाहीतर ‘प्रथम संस्थेकडे दाद मागावी’ असा शेरा मारून अर्ज परत येतो.

अनुदानित शाळेत माहिती अधिकाराचा उपयोग होतो. तुमच्या पदाचा मान्यता प्रस्ताव कोणत्या गटात गेला, त्यावर कोणता आदेश झाला, वेतन बिलात तुमच्या नावावर किती रक्कम आहे, हे शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे १० रुपयांच्या शुल्कासह अर्ज करून मागता येते. २००५ च्या कायद्यानुसार उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात ‘का’ असे विचारू नका, कागदाची प्रत मागा. ‘मला कमी पगार का?’ याला ‘ही माहिती नव्हे’ असे उत्तर येते, पण ‘दि. … च्या मान्यता आदेशाची प्रत’ नाकारणे कठीण जाते.

न्यायालयीन मार्गांबद्दल दोन गैरसमज फार आहेत. एक, कामगार न्यायालयाचा. गोव्यातील एका शाळेच्या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये असे ठरवले की शिक्षक हे तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ नाहीत. त्यामुळे कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाने दिलेला सल्ला शाळेत चालेलच असे नाही. दुसरा, शाळा न्यायाधिकरणाचा. १९७७ च्या अधिनियमाच्या कलम ९ खालचे अपील हे बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती किंवा पदोन्नतीत डावलले जाणे यांसाठी आहे, केवळ पगार कमी दिला म्हणून नाही. पगार विचारला म्हणून कामावरूनच काढून टाकले, तर मात्र हेच दार उघडते. त्याची मुदत फक्त ३० दिवसांची आहे, आणि ती आदेश मिळाल्यापासून मोजतात. नुसत्या थकीत वेतनासाठी दिवाणी दाव्याची मुदत ते वेतन देय झाल्यापासून तीन वर्षे असते. उच्च न्यायालयात रिट याचिका करायची की दिवाणी दावा लावायचा, हे सेवाविषयक प्रकरणे चालवणाऱ्या वकिलाला सगळे कागद दाखवून ठरवावे. एवढ्या-तेवढ्या फरकासाठी तिथवर जाणे बहुधा खर्चिकच ठरते, आणि म्हणूनच जूनमधले ते एक पानी पत्र मोलाचे.

पहिला पगार हातात आल्यावर

पत्र दुरुस्त झाले म्हणजे काम संपले असे नाही, कारण पत्र एकाच्या टेबलावर होते आणि पगारबिल दुसऱ्याच्या. पहिले पगारपत्रक पत्राशेजारी ठेवून ओळीओळीने पाहा. १६ जूनला रुजू झालेल्या शिक्षिकेचा वरच्या उदाहरणातला जूनचा पगार निम्मा, म्हणजे १६,११९ रुपये येईल. संस्था पीएफ मूळ वेतनावरच मोजत असेल तर १०,००० च्या १२ टक्क्यांनी १,२०० रुपये कापले जातील, वेतन २५,००० च्या आत असल्यामुळे व्यवसाय कर लागणार नाही, आणि खात्यात १४,९१९ रुपये जमा होतील. ३०,२३८ ची निम्मी रक्कम १५,११९ येते, म्हणून इथे दोनशे रुपये कुठे गेले असे वाटून पुष्कळजणी कार्यालयात येतात. कपाती नेमक्या निम्म्या होत नाहीत, एवढेच त्यामागचे कारण असते. खरी तपासणी जुलैच्या पूर्ण महिन्याच्या पगारावर करावी.

त्याच सुमारास आपला यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक, सुरू करून पीएफचे पासबुक पाहावे. संस्थेने एका महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगारपत्रकात १,८०० कापलेले आणि पासबुकात मात्र काहीच नाही, असे ऑगस्टअखेर दिसले तर पुन्हा तेच : एक पान, एक मुद्दा, दोन प्रती आणि पोच.